पंधरा पावलं आत

अहो,

तुम्ही किती वाजता गेलात, हे मला इतक्या जणांनी विचारलं आहे की आता दारावरची बेल वाजली तरी उत्तर तोंडात तयार असतं. दिवेलागणीला. सूर्य मावळल्यावर. एरवी घरातलं माणूस गेलं की लोक विचारतात काय झालं होतं, फार त्रास झाला का. तुमच्या बाबतीत सगळ्यांना फक्त घड्याळ हवं आहे. तुमच्या गावाहून, खाप्याहून, फोन येतात ते पहिल्याच वाक्यात वेळ विचारतात. मी सांगते, आणि पलीकडे रडणं सुरू होतं.

आपली घरमालकीण अम्मा तर माझ्याही पुढे गेली आहे. येईल त्याला जिन्यात थांबवून सांगते, "पाँच बजे तो साहब ऊपर चल रहे थे. मैंने अपने कानों से सुना. इधर से उधर, उधर से इधर." डॉक्टरांनी बाहेर फिरणं बंद केल्यापासून तुम्ही घरातच फेऱ्या मारायचात आणि खाली अम्मा तुमची पावलं ऐकत चहा प्यायची, तेव्हा तिला ती पावलं ओळखू येतात. मी तिला खोडून काढत नाही. कशी काढू? त्या दिवशी तुम्ही अडीच वाजताच गेला होतात. पाच वाजता मी तुमच्या पलंगाशेजारी खुर्चीत बसले होते, आणि घरात तिसरं कुणी नव्हतं.

तुम्हाला तरी हे सगळं नीट सांगायला हवं. तीस वर्षं मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. तहात खोटं असू नये, जे दिलं ते दिलं म्हणून लिहावं, यावरून तुमच्याशी इतकी भांडले की एकदा तुम्ही ताट घेऊन गॅलरीत जेवायला गेलात. त्याच बाईनं सतरा दिवसांपूर्वी काय केलं, ते ऐका.

आपलं भांडण टीव्हीवरून सुरू झालं होतं, आठवतं? युक्रेनच्या बातम्या. कोट घातलेली चार माणसं बसून सांगत होती की थोडी जमीन सोडून द्यावी आणि एकदाचं युद्ध थांबवावं. मी हातातली भेंडी खाली ठेवली आणि टीव्हीवर ओरडले, "वा! बळी तो कान पिळी! आज एक जिल्हा दिला की उद्या दुसरा मागतील." तुम्ही उठलात, माझा जुना ॲटलास काढलात, ते पान उघडलंत आणि त्यावर अंगठा ठेवलात.

"या अंगठ्याखाली कोन राह्यते, ते सांग."

"तेच म्हणते मी. माणसं राहतात. म्हणून देऊ नये."

"आन नाई देल्ली, तं तिथं राहाले कोन उरन?"

मग मी नेहमीप्रमाणे म्हणीवर आले. म्हटलं, "उंटावरून शेळ्या हाकू नका."

"म्या जमिनीवरूनच हाकल्या, मास्तरीणबाई. सारी जिंदगी."

खरंच होतं ते. आयुष्यभर मोजणीदाराची नोकरी. दोन शेतांमधला तुमचा धुरा, माझा बांध, कुठून जातो हे ठरवायला तुम्ही साखळी घेऊन उन्हातान्हात फिरलात. बर्डीच्या बाजारात साडी घ्यायला गेलो तरी गर्दीत मध्येच थांबून सांगायचात की मागच्या दुकानापासून इथवर एकशेदहा पावलं झाली. मला लाज वाटायची. आता वाटतं, एकदा तरी तुमच्याबरोबर मोजत चालायला हवं होतं.

तुमचं म्हणणं एवढंच होतं की जमीन कुणी देत नसतं. "दे म्हटलं का मानसाचा चेहरा बाप मेल्यावानी होते. पन मोजणीत निंघालं का बापा, ते तुही नव्हतीच, तं थो दोन दिवस शिव्या देते आन तिसऱ्या दिवशी कामाले लागते."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची, वं."

"झाकलेली मूठ पुढची पिढी उघडते. आणि आत काही नाही हे कळलं की दुप्पट जोरानं मारते." मी वर्गात बोलायचे तशी बोलले. तुम्ही हसलात. ते भांडण तिथेच राहिलं.

अम्माचं वाक्यही त्याच आठवड्यातलं. ती पाच वर्षांची असताना फाळणीत सिंधमधून आली, आणि मग नागपुरातली ही निर्वासितांची वस्ती, जरीपटका. जिन्यात बसून मटार सोलता सोलता ती तुम्हाला म्हणाली होती, "जिसने लकीर खींची ना साहब, वो उस पर एक दिन भी चला नहीं." तुम्ही वर आलात. जेवताना दोनदा मीठ मागितलंत, आणि मीठ तुम्हाला बंद होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की तुमच्या डोक्यात काही शिजतंय.

कारण तोवर गावात एक मुडदा पडला होता.

तुमचे मोठे भाऊ दौलतभाऊ आणि शेजारचे महादेव, दोघांची शेतं कन्हानच्या काठाला लागून. पुरात हद्दीचे दगड वाहून गेले, नदीनं काठ बदलला, आणि अर्ध्या एकराच्या पट्टीवरून दोन घरं एकमेकांच्या जिवावर उठली. सरकारी मोजणी तीनदा झाली. जो हरे त्यानं नकाशा मानला नाही. शेवटी पेरणीच्या दिवशी काठ्या निघाल्या आणि महादेवचा धाकटा भाऊ किसना डोक्यात घाव बसून मेला. कुणाच्या काठीनं, ते कुणालाच सांगता आलं नाही. पोलिसांनी दौलतभाऊंच्या मुलाला, सुभाषला, धरलं. तो जामिनावर सुटला, आणि महादेवच्या घरून निरोप आला की कोर्टाचं कोर्ट पाहील, आमचं आम्ही पाहू.

सुभाष. कॉलेजची तीन वर्षं तो आपल्याकडे राहिला. आपल्याला मूल नाही, पण गॅलरीतल्या दोरीवर त्याची बनियनं वाळायची तेव्हा शेजारपाजारच्यांना तसं वाटायचं नाही. जामिनावर सुटल्यावर तो आपल्याकडेच येऊन राहिला, दारं लावून. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की त्याचा हात ताटातच थांबायचा. तुम्ही ते बघत होता. मीही बघत होते.

मग महादेवनेच तोडगा धाडला. मोजणी नको, कागद नको. गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी एक जुनी चाल होती, ती त्यानं उकरून काढली. ज्याच्यावर दोघांचा विश्वास त्यानं अंघोळ करून, ओल्या कपड्यानं, भांडणाच्या जमिनीतलं ढेकूळ डोक्यावर घेऊन अनवाणी चालायचं. बोलायचं नाही, मागं बघायचं नाही. तो चालेल तो धुरा. मग सव्वा महिना वाट बघायची. शेवटच्या दिवशीचा सूर्य मावळेपर्यंत त्या माणसाच्या जिवावर काही आलं, तर तो खोटं चालला, आणि ती रेघ मोडली. काही आलं नाही, तर रेघ कायमची.

आणि चालायला त्यांनी मागितलं तुम्हाला. दौलतभाऊंच्या सख्ख्या भावाला! कारण नोकरीत असताना तुम्ही स्वतःच्या बापाचं कुंपण दोन हात मागं घ्यायला लावलं होतं. मामंजी सहा महिने तुमच्याशी बोलले नव्हते. गावानं ते विसरलं नव्हतं.

चहा पिता पिता तुम्ही लग्नपत्रिकेच्या पाठीवर मला रेघ काढून दाखवलीत. "खरा धुरा विहिरीच्या काठावरून जाते. म्या बाभळीपासून वळीन, पंधरा पावलं आत."

"आत म्हणजे आपल्या बाजूला? विहीर त्यांच्याकडे जाते मग."

"जाऊ दे."

"दौलतभाऊंना सांगितलंत?"

"सांगतलं तं थो नाई म्हनन. नाई सांगतलं तं थो चूप राहीन."

मी चिडले. एकतर सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला माणूस डोक्यावर ढेकूळ घेऊन चालणार, आणि तेही खोटं. म्हटलं, "द्यायचीच आहे तर उघड द्या ना. तुमचा माणूस गेला, ही जमीन घ्या, म्हणावं."

"किसनाची किंमत अर्धा एकर, असं त्याच्या घरच्याच्या तोंडावर सांगू? थुंकन थो महादेव."

"आणि मुदतीत काही झालं तर? माझा देवावर विश्वास नाही, पण तुमच्या हृदयावर तर मुळीच नाही. दोनदा स्टेंट टाकलेत."

तुम्ही बशीत चहा ओतलात. "ते तुह्यावर हाये. सव्वा महिना मले जित्ता ठेव. मंग पाहू."

त्या सकाळी मीही शेतात होते. सारं गाव दोन्ही बाजूंना उभं. तुम्ही उपाशीपोटी, ओलं धोतर पायाला चिकटलेलं, डोक्यावर ते काळं ढेकूळ. तुमच्यामागे एक म्हातारा चुन्याची फक्की टाकत येत होता. बाभळीपाशी आलात आणि वळलात. मला दौलतभाऊंचा चेहरा दिसला. त्यांना कळलं. तोंड उघडलं त्यांनी, आणि मग त्यांची नजर सुभाषवर गेली, आणि तोंड मिटलं. ढेकूळ वाळत चाललं होतं, माती तुमच्या कपाळावरून डोळ्यांत पडत होती, तुम्ही पुसली नाहीत. नदीपाशी पोचून ढेकूळ पाण्यात सोडलंत आणि आमच्याकडे वळलात, तेव्हा चेहराभर माती होती. क्षणभर मी तुम्हाला ओळखलं नाही. मी तुमची बायको असूनही माझा पाय मागे गेला.

फक्कीच्या पलीकडे किसनाची विधवा गिरजाबाई उभी होती. ती एकटीच खाली बघत होती.

त्यानंतरचा सव्वा महिना कसा गेला ते तुमचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं सांगते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं माझं. दूध नासलं तरी मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची. आणि ती माती. नागपूरला आल्यावर मी तुमचं डोकं तीनदा धुतलं, शिकेकाईनं, शांपूनं. तरी रोज सकाळी तुमच्या उशीवर चिमूटभर माती असायची, काळी, बारीक, कोरडी. तुम्ही म्हणालात, "कानात गेली आसन." मी अभ्रे बदलले. उशी बदलली. पंधराव्या दिवशी होती, तिसाव्या दिवशी होती. तुम्हाला सांगणं बंद केलं मी. झटकून टाकायची आणि पोहे करायची, बिनामिठाचे.

रोज गावाहून दोन फोन. "काका बरे हायेत ना?" एक काळजीचा, एक मोजणीचा. महादेवनं आपला एक पोरगा समोरच्या चहाच्या टपरीवर बसवून ठेवला होता. रोज संध्याकाळी तुम्हाला गॅलरीत येऊन त्याला दर्शन द्यावं लागायचं. तुम्ही हात हलवायचात, तो मान हलवायचा आणि मोटारसायकल काढून खाप्याला जायचा. मी म्हणायची, "देव्हाऱ्यातल्या बाप्पालाही एवढं कुणी बघायला येत नाही." तेव्हा तुम्ही मोठ्यांदा हसायचात आणि मग छातीवर हात ठेवून थांबायचात. ते मला दिसायचं.

शेवटच्या दिवशी सकाळी उशी स्वच्छ होती. मातीचा कण नाही. मला इतका आनंद झाला की मी पोह्यांत चिमूटभर मीठ टाकलं. तुम्ही पहिल्या घासालाच माझ्याकडे पाहिलंत. आणि परत वाढून घेतलंत.

सुभाष त्या दिवशी सकाळीच गावाला गेला होता. सूर्य मावळला की दोन्ही घरं मारुतीच्या पारावर एकत्र बसून नारळ फोडणार होती. जाताना तो तुमच्या पाया पडला, आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "आता भेतो काहून गा?"

जेवून तुम्ही म्हणालात, "जरा पडतो, वं." अडीच वाजले होते. मी भांडी आवरत होते. आतून एक आवाज आला, मोठा नाही. येऊन पाहिलं तर तुमचा हात पलंगाखाली लोंबत होता आणि डोळे अर्धे उघडे. हाक मारली. नाकापुढे बोटं धरली. मनगट दाबलं, मान दाबली, छातीला कान लावला. काही नाही.

फोन माझ्या हातात होता. डॉक्टर कोपऱ्यावरच राहतात, पाच मिनिटांत आले असते. आणि त्या पाच मिनिटांत टपरीवरच्या पोरानं डॉक्टरांना जिना चढताना पाहिलं असतं. आणि गावात सुभाष त्या माणसांच्या मध्ये होता. कॅलेंडरवर सूर्यास्त पावणेसहाचा लिहिला होता.

मी फोन खाली ठेवला.

तुमचा हात वर घेतला, डोळे मिटले, चादर छातीपर्यंत ओढली, झोपलेल्या माणसावर ओढतात तशी. तीन वाजता टपरीवरचा पोरगा खालून ओरडला, "काकाजी दिसून नाई रायले?" मी गॅलरीत गेले. माझा आवाज वर्गातला लागला, खणखणीत. "थंडी आहे. झोपलेत. उठवू का?"

"नाई नाई, झोपू द्या. तुमी सांगतलं, झालं."

आत आले, खुर्ची ओढली आणि बसले. सूर्य मावळेपर्यंत उठले नाही. तुमच्याशी बोलत होते मी, दार लावून, तुम्हालाच ऐकू जाईल इतक्या हळू. काय बोलले ते आठवत नाही. वेड्यासारखं काहीतरी. बहुधा भेंडीचं.

पावणेसहाला मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. मी उठून देवापाशी दिवा लावला आणि मग जिन्यात जाऊन ओरडले. डॉक्टर आले. त्यांनी तुमची हनुवटी हलवून पाहिली, बोटं पाहिली, आणि मग बराच वेळ मला पाहिलं. "काकू, केव्हा?" मी म्हटलं, "आत्ता. दिवा लावताना." त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, घड्याळात पाहिलं आणि मी सांगितलं तेच लिहिलं.

तेव्हा कळलं मला तुमचं म्हणणं. चालणं तुमचं खोटं, वेळ माझी खोटी. नवराबायको शोभतो खरे.

गावानं तुम्हाला आता कुठे नेऊन बसवलं आहे, ठाऊक आहे? म्हणतात, शब्दाचा पक्का माणूस, मुदत संपवूनच गेला, देवानं थांबवून धरला. तुम्ही जिथे वळलात ना, त्या बाभळीपाशी दगड उभा केला आहे. तेराव्या दिवशी, तेरवीला गेले तेव्हा त्याला शेंदूर लागलेला होता. दौलतभाऊंनी लावला की महादेवनं, कुणी सांगेना. दोघेही तिथून जाताना चप्पल काढतात. तुम्ही आयुष्यात एकदाच खोटं मोजलंत आणि त्याच जागेवर तुमचा देव झाला. मला हसू फुटलं हो तिथे, आणि बायकांना वाटलं मी हुंदका दिला.

तेरवीला दोन्ही घरं एका पंगतीत बसली. महादेवनं सुभाषच्या पानात भात वाढला. सुभाषनं खाल्ला. हे तुम्ही पाहायला हवं होतं, आणि कुठूनतरी पाहिलं असेल तर मला त्याची खूण नको, एवढं ऐकून ठेवा. माझी भीती अजून गेलेली नाही.

मी वाद हरले, असं लिहून इथेच थांबणार होते. पण जेवणं झाल्यावर गिरजाबाई मागच्या अंगणात माझ्याजवळ येऊन बसली. नवऱ्याला जाऊन वर्ष व्हायचं होतं तिच्या. म्हणाली, "बाई, खरा धुरा विहिरीवरून जाते. लगन होऊन आली तवापासून मले माहीत हाये. त्या विहिरीवर पानी भराले आमी तुमच्या सासूले इचारून जावो."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? काकाजी वळले, मले समजलं. महादेवभाऊले समजलं. साऱ्याइले समजलं. त्याइनं देल्ली, आमी घेतली. तोंडानं बोललो असतो तं घेता आली नसती."

"आणि सव्वा महिना?" मी तिचा पदर धरला. "मुदतीत काही झालं असतं तर?"

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला वाटलं मी घाबरले आहे, मला धीर द्यावा. "अवं बाई, ते तं पोट्ट्याइच्या समजुतीसाठी. काकाजी चवथ्या दिवशी गेले असते तरी आमी थो धुरा मोडला नसता. आमच्या घरीबी पोट्टे हायेत ना."

आता ती खरं बोलली, की सगळं पार पडल्यावर तसं बोलणं सोपं असतं, मला कळायला मार्ग नाही. टपरीवर पोरगा कशाला बसवला मग? पारावर एकही काठी नव्हती का? मी सुभाषला विचारलं. तो म्हणाला, काठ्या होत्या, दोन्हीकडे होत्या. बायका एक बोलतात आणि पुरुष एक करतात, हेही खरं. मी कुणालाच विचारू शकत नाही, कारण विचारायचं तर आधी सांगावं लागेल. टीव्हीवर अजून ती कोट घातलेली माणसं बोलत असतात. कुणी किती द्यावं, कुणी किती घ्यावं. मी बंद करते. त्यांच्या नकाशात नसलेलं असं काहीतरी कुणाच्यातरी घरात देऊन झालेलं असतं, आणि ते घर कधी बोलत नाही.

कारण एक गोष्ट मी वर गाळली आहे. डॉक्टरांना नाही सांगितली, सुभाषला नाही, कुणालाच नाही. तुम्ही अडीच वाजता गेलात असं मी मघाशी ठामपणे लिहिलं. तितकी मी ठाम नाही.

चार वाजता तुम्ही श्वास घेतलात. एकच. लांब, आतून ओढून घेतलेला, आणि चादर छातीवर हलली. गेलेल्या माणसाच्या अंगातला वारा असा बाहेर पडतो म्हणतात, मीही ऐकलं आहे. पण बाहेर पडतो म्हणतात. हा आत गेला होता. फोन परत माझ्या हातात आला. मी तुमचं नाव घेतलं, लग्नानंतर पहिल्यांदा, आणि दुसऱ्या श्वासाची वाट पाहिली. नंबर लावला नाही. किती वेळ वाट पाहिली ते मला सांगता येणार नाही, कारण अहो, मी तुमच्याकडे बघतच नव्हते. ऊन किती उरलंय ते मी खिडकीतून बघत होते.